परक्या हातचा घास

माझी बायको वारली त्या दिवशी आमच्या घरची चूल पेटली नाही. ती रीतच आहे. पण तिकडे इंग्लंडात माझ्या पोरीनंही चार दिवस चूल पेटवली नाही, आणि हे मला चौथ्या दिवशी कळलं. त्याला कारण मीच होतो. ते कसं, ते लिहून ठेवतो. मी चौथी शिकलेला माणूस. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, जन्म गेला. कुठं अक्षर चुकलं तर वाचणाऱ्यानं दुरुस्त करून घ्यावं. गोष्ट मात्र खोटी नाही.

आधी कडू घासाचं सांगतो, कारण सगळीकडे तो असतो की नाही मला ठाऊक नाही. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. माती देऊन माणसं परतली की शेजारपाजारचं कोणीतरी आपल्या घरून भात-वरण नाहीतर भाकर-झुणका आणतं, आणि घरच्यांच्या तोंडात पहिला घास आपल्या हातानं घालतं. तो कडू घास. त्यात कडू काही नसतं. तो स्वतःच्या हातानं घेता येत नाही, एवढंच. दुसऱ्यानं भरवायचा. मग माणूस परत जेवायला लागतो. आमच्या आज्यानं धम्म घेतला तेव्हा देव सोडले, तेरवी सोडली. कडू घास सोडला नाही. उपाशी माणसाला भरवायला देव लागत नाही.

पोरगी आम्हाला एकच. सावली या तालुक्याच्या गावी दहावी केली, चंद्रपूरला होस्टेलात राहून बारावी केली, पुढं नागपूरला शेतीचं शिकली. मग सरकारची स्कॉलरशिप मिळाली आणि इंग्लंडला निघाली. काय शिकायला, तर माती. गावात कोणी सोडलं नाही मला. पानठेल्यावर एक जण म्हणाला, "भाऊ, माती तं इथी बी हाय. थे बी फुकट."

ती निघाली तेव्हा सावलीच्या स्टँडवर मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. "परक्याच्या हातचं खाऊ नको. आन् घरचं दुःख परक्याले सांगू नको."

हे मी उगाच सांगितलं नव्हतं. मी जवान असताना मालकाच्या शेतावर जात होतो. पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. जेवण पळसाच्या पानावर, गोठ्याच्या बाजूला. मी तेव्हाच ठरवलं, जो माझ्या हातचं खात नाही त्याच्या हातचं मी खाणार नाही. ते बरोबरच होतं. आजही बरोबरच वाटतं. पण वय वाढलं तसा तो नियमही वाढत गेला. कोण खातो आणि कोण नाही हे विचारणंच मी सोडलं, आणि कोणाच्याच हातचं खाईनासा झालो. लग्नात गेलो तरी आहेर देऊन परत.

बायको बाजूला उभी होती. तिनं माझ्यासमोरच पोरीला सांगितलं, "तुह्या बापाचं डोस्कं दगडाचं हाय. तू डबा उघडा ठेवजो."

बायकोचं माहेर अहेरीकडचं. तिकडं बोलण्यात अर्धं तेलुगू असतं. लग्न होऊन आली तेव्हा तिचं बोलणं आमच्या गावातल्या बायकांना कळेना, आणि यांचं तिला. धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, गेली की बायका तिच्या बोलण्याची नक्कल करून हसत. तिनं भांडण केलं नाही. दुपारच्या सुट्टीत धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, बसून तिनं आंबाडीच्या लोणच्याचा डबा उघडला, मधोमध ठेवला आणि आपली खात बसली. बोलली नाही. या, घ्या, असंही म्हणाली नाही. त्या लोणच्याला ती पुंटीकूर म्हणायची. लाल मिरची, लसूण, तेलाचा वास. पहिल्या दिवशी कोणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी एकीनं बोट बुडवलं. ती बाई दुसऱ्या मोहल्ल्यातली, आमच्यातली नव्हे. त्या दोघी पुढं चाळीस वर्षं एका रांगेत रोवणा करत राहिल्या. मला हे ठाऊक होतं. मी कधी त्यात पडलो नाही.

म्हणून पोरगी इंग्लंडला निघाली तेव्हा बायको म्हणाली, "मी बी तं परदेशातच आली होती." आणि लोणच्याची मोठी बाटली तिच्या बॅगेत कपड्यात गुंडाळून दिली.

पोरीचे पहिले दोन महिने वाईट गेले. तिनं तसं सांगितलं नाही. फोनवर मी विचारायचो, "काय जेवली?" ती सांगायची भात, अंडं, बटाटा. मी खूश. बायको फोन हिसकून घ्यायची आणि विचारायची, "कोणासोबत जेवली?" त्यावर ती दुसरंच काही बोलायची.

मग हळूहळू कळलं. सहा खोल्यांत मिळून एक स्वयंपाकघर होतं. बाकीची पोरं तिथं बसून जेवत, हसत. आमची पोरगी दार किलकिलं करून बघायची, सगळे गेले की जाऊन शिजवायची आणि ताट खोलीत आणून दार लावून खायची. आपल्या देशातली पोरंही होती तिथं, दुसऱ्या इमारतीत. पहिल्या दिवशी भेटली तेव्हा त्यांनी आधी आडनाव विचारलं. मग गाव विचारलं, मग परत आडनाव. ती पुन्हा तिकडं फिरकली नाही. मला हे ऐकून वाटलं, बघा, मी सांगितलं होतं. बायकोला काही वेगळंच वाटलं.

"आयक," ती पोरीला म्हणाली, "उद्या सगळे बसले असले का तू जाय. बाटली खोल, मधात ठेव, आन् आपली जेव. बोलू नको."

"माय, थे का म्हणतीन?"

"काई म्हणत नाई. नाक असन तं येतीन."

पोरगी गेली. भात कालवून हातानं जेवू लागली. आफ्रिकेत घाना नावाचा देश आहे, तिथली एक उंच मुलगी समोर बसली होती. तिनं हिला हातानं जेवताना पाहिलं, आपला काटा-चमचा बाजूला सारला आणि म्हणाली, दोन महिने झाले, मी लाजून या काट्यानं खाते आहे. आमच्याकडं उजव्या हातानंच जेवतात. मग तिनं लोणच्यात बोट बुडवलं. डोळ्यांतून पाणी आलं, तरी परत बुडवलं. शेजारची व्हिएतनामची मुलगी चिमणीएवढी, तीही पुढं सरकली. दोघींनी नाव विचारलं. आडनाव नाही विचारलं. विचारून त्यांना काय करायचं होतं?

त्या रविवारी पोरीचा आवाज बदललेला होता. आईनं विचारायच्या आधीच तिनं सांगितलं, कोणासोबत जेवली ते.

पुढं बायकोचीच त्या दोघींशी दोस्ती झाली. मोबाइल तिला चालवता यायचा, मला नाही. उन्हाळी धानाचा रोवणा सुरू होता तेव्हा तिनं मोबाइल धुऱ्यावर एका पेंडीला टेकवून ठेवला आणि चिखलात उतरून धानाची रोपं, म्हणजे परे, लावून दाखवले. तिकडून व्हिएतनामची मुलगी आनंदानं काही बोलत होती. पोरीनं सांगितलं, तिची आईही हेच करते, अशीच वाकून, पण परे जरा जवळजवळ लावते. बायको कमरेवर हात देऊन उभी राहिली. "तिच्या मायले सांग, एवढे दाट लावशीन तं कीड पडन." तिकडून उत्तर आलं, आईला सांगते, पण ती ऐकणारी नाही. मग दोघी हसल्या, एक मराठीत, एक त्यांच्या भाषेत. पोरीनं तेव्हाच मोबाइलमधून आईचा फोटो काढून घेतला, मग छापून खोलीत ठेवला. चिखलात उभी, पदर खोचलेला, तोंड उघडं.

मी धुऱ्यावर बसून बिडी ओढत होतो. म्हणालो, "कोण कुठली थे. कायले एवढी माया?"

ती म्हणाली, "तुमाले नाई समजाचं. तुमी बिडी ओढा."

मे महिन्यात ती गेली. सकाळी अंगण झाडता झाडता छातीत कळ आली. सावलीच्या दवाखान्यातून गडचिरोलीला न्यायला सांगितलं. गाडी वैनगंगेच्या पुलावर होती तेव्हा तिनं माझा हात सोडला. नदीच्या त्या बाजूला तिचा माहेरचा जिल्हा लागतो. तिथंवर पोचली नाही.

पोरीला फोन मी केला, म्हणजे दवाखान्यातल्या नर्सबाईनं लावून दिला. ती म्हणाली, मी निघते, थांबा. मी म्हणालो, थांबता येत नाही. आमच्याकडचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. तिला यायला दोन दिवस लागले असते. शिवाय तिची शेवटची परीक्षा आठ दिवसांवर होती. मी म्हणालो, "येऊ नको. तू आली तं थे उठून बसन काय?"

असं बोललो मी. स्वभावच तसा. तिनं फोन ठेवला.

माती देऊन आलो तेव्हा बायकोची ती रोवण्याची सोबतीण, दुसऱ्या मोहल्ल्यातली, गंजभर वरण-भात आणि ताट घेऊन दारात उभी होती. घरात सोयरे होते, पण पहिला घास तीच भरवणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. तिनं कालवून घास माझ्या तोंडापुढं धरला. मी तोंड फिरवलं. "ठेवून द्या बाई," म्हणालो. तिचा हात तसाच राहिला थोडा वेळ. मग तिनं घास परत ताटात ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि ताट उंबऱ्याजवळ झाकून गेली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. ताट तसंच उचलून न्यायची. मी चहा पीत होतो आणि मुरमुरे खात होतो. भूक लागली नाही असं सोयऱ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. भूक लागली होती.

चौथ्या दिवशी दुपारी पोरीचा फोन आला. तिकडं सकाळ असेल. हिरवं बटण दाबायला मी तोवर शिकलो होतो. सवयीनं विचारलं, "काय जेवली?"

"जेवली बाबा. भात."

आवाज पाणी तळाला गेलेल्या विहिरीसारखा. मी मोबाइल कानाला धरून बसलो. पुढं काय विचारावं सुचेना. बायको असती तर तिनं फोन हिसकला असता. मग तिचाच सवाल माझ्या तोंडात आला.

"कोणासोबत जेवली?"

आणि पोरगी रडायला लागली. आई गेल्यापासून ती रडली नसावी असं मला त्या रडण्यावरून वाटलं.

"चूल नाई पेटवली बाबा. हात जात नाई. बिस्किट खाल्लं दोन दिवस, मंग थे बी नाई."

"आन् त्या दोघी?"

"त्यायले सांगतलं नाई. त्यायले वाटते, मी परीक्षेसाठी खोलीत बसली हाय. त्या दार वाजवतेत, मी म्हणते अभ्यास करून राह्यली."

"काऊन नाई सांगतलं?"

"तुमीच तं सांगतलं होतं. घरचं दुःख परक्याले सांगू नको."

मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली, मालकांची, सावकारांची, साहेबांची. एवढं कोणाचं लागलं नाही. मला दिसायला लागलं की ही पोरगी परीक्षा तर देणार नाहीच, तिकडं दार लावून संपूनही जाईल, आणि माझ्या दोन वाक्यांनी.

"दार उघड," मी म्हणालो. "बोलाव त्यायले."

"काय सांगू बाबा? कडू घास त्यायले कसा समजावून सांगू?"

"तू नको सांगू. मी सांगतो. तू फकस्त इंग्रजीत करजो."

तिनं दार उघडल्याचा आवाज आला, मग पावलांचा. पोरगी म्हणाली, "बाबा, व्हिडिओ सुरू हाय. त्यायले तुमचा कान दिसून राह्यला." मी मोबाइल समोर धरला. दोन तोंडं होती, एक काळं, एक गोरं, दोन्ही घाबरलेली. जसं येतं तसं बोललो. "बाई, माही बायको मेली. हिची माय. चार दिवस झाले. आमच्यात आपल्या हातानं जेवता येत नाई. दुसऱ्यानं भरवा लागते. मी तिथी नाई. तुमी भरवा." आणि हात जोडले. मालकाच्या ओसरीवरही मी कधी जोडले नव्हते.

पोरगी इंग्रजीत सांगताना दोनदा थांबली. घानाच्या मुलीनं ऐकलं आणि पोरीला एवढ्या जोरात कवटाळलं की मोबाइल खाटेवर पडला. त्यानंतर बराच वेळ मला फक्त पांढरं छत दिसत होतं. आवाज येत होते. नळ, भांडी, कोणाचं नाक ओढणं. मी बंद केला नाही. बंद कसा करायचा ते नीट येतही नव्हतं.

मग कोणीतरी मोबाइल उचलून टेकवून ठेवला. व्हिएतनामची मुलगी एक वाटी घेऊन आली. भात शिगोशिग भरलेला, वर सोललेलं उकडलेलं अंडं, आणि दोन काड्या भातात सरळ उभ्या रोवलेल्या. तिनं ती वाटी टेबलावर ठेवली आणि हात जोडले. मी म्हणालो, "आली नं वाटी. खाय आता, थंडा होईन."

कोणी हललं नाही. व्हिएतनामची मुलगी पोरीकडं बघत होती. पोरगी हळू बोलली, "बाबा, हा भात मायचा हाय. त्यायच्यात मेलेल्या माणसाले असा वाढते, मंग थे वाटेले लागते. माह्यासाठी दुसरा आणून राह्यली थे." मग मला दिसलं. वाटीच्या मागं भिंतीला टेकवलेला फोटो होता, चिखलात उभी असलेली, तोंड उघडं असलेली.

मेलेल्या बायकोच्या ताटातलं पोरीला खायला सांगत होतो मी. लाज वाटली. पण तोंडातून जे निघालं ते निघालं. "तुही माय एवढा भात एकटी खाईन काय? जन्मात कधी एकटी जेवली थे?"

पोरीनं ते त्यांना सांगितलं. व्हिएतनामची मुलगी विचार करत उभी राहिली. तिच्या घरी पितरांपुढं ठेवलेलं ताट उदबत्ती विझली की घरचेच खातात, पण हा पहिला भात वेगळा, हा कोणी खात नाही. उदबत्ती तर तिथं लावायचीच सोय नव्हती, धूर झाला की घंटी वाजते आणि सगळ्यांना बाहेर जावं लागतं. शेवटी ती म्हणाली, उदबत्ती जळेल एवढा वेळ थांबू, मग काड्या मी काढते. आईला एकटं जेवायची सवय नसेल तर तिची हरकत नसणार.

आम्ही थांबलो. तिकडं तिघी, इकडं मी. माझ्या अंगणात तिच्या कोंबड्या फिरत होत्या.

मग तिनं काड्या उपसल्या. घानाच्या मुलीनं कपाटातून लोणच्याची बाटली काढली. तळाला बोटभर राहिलं होतं. तिनं उजव्या हातानं भात कालवला, अंडं कुस्करलं, लहानसा गोळा केला आणि माझ्या पोरीच्या तोंडात घातला. दुसरा घास व्हिएतनामच्या मुलीनं भरवला. तिला हातानं जमत नव्हतं, अर्धा भात सांडला. पोरीनं चावला, गिळला. रडत होती आणि गिळत होती. बघताना माझ्याही घशाखाली काहीतरी गेल्यासारखं झालं. काही गेलं नव्हतं.

तोंड पुसून पोरीनं मोबाइल जवळ घेतला. "बाबा, तुमाले कोणं भरवला?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं. ती बघत होती. फोन नुसता कानाला असता तर बोललो असतो, तिच्या तोंडावर खोटं निघालं नाही.

"नाई घेतला," म्हणालो.

"कोणं आणला होता?"

मी सांगितलं. दोघींना सांगितलं असेल तिनं, कारण त्या दोघीही माझ्याकडं बघायला लागल्या. मग पोरगी एवढंच म्हणाली, "मी खाल्ला, बाबा."

ऊन उतरल्यावर मी चप्पल घातली आणि दुसऱ्या मोहल्ल्यात गेलो. त्या गल्लीत मी जात नाही असं नाही, पण त्या घराच्या आत कधी गेलो नव्हतो. ती बाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी दाराशी उभा राहिलो.

"बाई, माहा घास राह्यला."

तिनं सूप खाली ठेवलं. "चार दिवस डोस्कं फिरलं होतं काय भाऊ तुमचं?"

"चार दिवस नाई. लई वर्सं झाले."

"माहीत हाय मले. थे सांगे नं धुऱ्यावर." आणि उठून आत गेली. जाता जाता म्हणाली, "बसा. बाहेर नाई, इथी, आत."

चुलीवर भात होता. तिनं तसाच गरम काढला, वरण घातलं, कालवला आणि फुंकर न घालता माझ्या तोंडात कोंबला. जीभ भाजली. दुसरा घास मी आपल्या हातानं घेतला, तिच्या ताटातून. ती बघत बसली आणि मग ताटाच्या दुसऱ्या बाजूनं तीही जेवू लागली.

पोरीनं परीक्षा दिली. पास झाली, तिथंच पुढं शिकते आहे. घानाची मुलगी आपल्या देशात परत गेली, व्हिएतनामची अजून तिच्याच मजल्यावर आहे. पावसाळ्यात मी धुऱ्यावर आंबाडी टाकली आणि त्या बाईकडून विचारून विचारून लोणचं घातलं. एक बाटली पाठवली. फोन आला तेव्हा पोरीला विचारलं, कसं झालं.

"मायसारखं नाई झालं बाबा. मीठ लई हाय."

"मंग फेकून दिलं काय?"

"नाई. बाटली मधात ठेवली हाय. खाऊन राह्यले सगळे."